रापणीचे नसलेले नियम

"मॅडम... थांबा! दोर ओलांडू नका!"

मी थांबायचं ठरवलं, पण पायांनी ऐकायला वेळ घेतला. ओल्या वाळूत धावताना असं होतं. मी घसरत घसरत पुढे गेले आणि नाकावर पडता पडता वाचून बरोबर त्या दोरासमोर येऊन उभी राहिले.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर नुकतं ऊन आलं होतं. समुद्रातून एक जाड, ओला दोर वर येत होता आणि माणसांची एक लांब रांग टाचा वाळूत रोवून तो ओढत होती. रापण लागली होती. होडीतून अर्धगोल फिरून जाळं समुद्रात सोडायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे, ती रापण. लहानपणापासून पाहत आले होते, पण धावताना मध्ये कधी आली नव्हती.

ज्याने हाक मारली तो रांगेच्या शेवटी होता. विरलेला निळा टीशर्ट, गुडघ्यापर्यंत भिजलेला, कपाळावर ओले केस. माझ्याकडे बघून त्याने घसा साफ केला.

"असं आहे मॅडम... की हा दोर ओलांडलेला चालत नाही. आपण कृपया मागच्या बाजूने जावे. तसदीबद्दल क्षमस्व."

मला हसू आवरेना. "ह्या असा बोलूक खंय शिकलंस रे?"

त्याच्या हातून दोर सुटता सुटता राहिला.

"म्हणजे... तू हंयचीच?"

"कसालची."

"माका वाटला, पुण्याची पाव्हणी. पायात ते फुलाफुलांचे बूट..."

"कसालात बूट गावतत."

रांगेतले दोघेतिघे हसले. तो नाही हसला. उलट गंभीर चेहरा करून म्हणाला, "मगे आता हात लावूकच होयो. नियम आसा रापणीचो. धावत येवन दोराकडे जो थांबता, तेना तो ओढूक होयो."

मी रांगेच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे उभे होते. ते दाजी, त्याचे काका आणि सगळ्या रापणीचे पुढारी, हे मला नंतर कळलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, पण ते अगदी मन लावून क्षितिज बघत होते. नियम असेलच मग, असं मला वाटलं. मी दोराला हात घातला.

रोज धावते म्हणून अंगात फार बळ आहे, हा माझा गैरसमज तासाभरात उतरला. तळहात सोलवटले, खांदे भरून आले. पण जाळं वाळूवर आलं आणि आत बांगड्यांची ती लकलक तडफड दिसली, तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले. तो माझ्याकडेच बघत होता... मग एकदम जाळ्याकडे बघायला लागला.

वाटे पडले. त्याने थोडे बांगडे उचलून माझ्यासमोर धरले. "ह्यो तुझो वाटो."

"मी धावत घराक जातलंय. मासे खंय धरू?"

"डोक्यार टोपी आसा मां?"

"टोपयेत? बांगडे?"

"वाटो नाय म्हणूचो नाय. नियम आसा."

त्या सकाळी मी तारकर्लीच्या रस्त्यावरून टोपीभर बांगडे घेऊन धावले. मावशीने दारातच विचारलं, "गो, तू धावक गेल्लंस की बाजारात?"

मावशी म्हणजे माझी नर्मदामावशी. मी संचिता. आमचं घर कसालला, भाताचं आणि काजूचं. माझी नोकरी मात्र चाकांवरची. एका संस्थेची विज्ञानाची गाडी आहे, तिच्यात सूक्ष्मदर्शक, चुंबकं, भिंगं, बाटल्या भरून आम्ही जिल्हाभरच्या शाळांमध्ये फिरतो आणि मुलांना प्रयोग दाखवतो. गाडी मालवणहून सुटते, म्हणून मी तारकर्लीला मावशीकडे राहते.

धावायची सवय लागली ती कोल्हापूरच्या होस्टेलवर. चौघीजणींनी मिळून सुरू केलं होतं. एकीला सर्दी झाली, एकीला प्रेम झालं, एकीला झोप प्यारी झाली. राहिले मी. शर्यतींना मी जात नाही, घड्याळही लावत नाही. दिवसभर मी कोणाची तरी मॅडम असते, मुलगी असते, भाची असते. सकाळी धावताना मात्र मी कोणाचीच कोणी नसते. तेवढं मला रोज लागतं, आणि ते कोणी काढून घ्यायला आलं की मी भांडते.

भांडावं फार लागतं. मामेबहिणीच्या लग्नात हळदीच्या सकाळी मी बूट घालून निघाले, तर मांडवात एकच गलका झाला की नवरी सोडून नवरीची बहीणच पळून चालली! फोंडाघाटला गाडी मुक्कामाला असली की मी घाटाच्या रस्त्याने धावते. तिथे दर वेळी कोणी ना कोणी रिक्षा थांबवतोच. "बस चुकली काय? बसा, कणकवलेक गाठून देतंय." सुरुवातीला मी समजावत होते. आता "चुकूदे, दुसरी येतली" म्हणते आणि पुढे जाते.

विनीत... हो, त्या निळ्या टीशर्टवाल्याचं नाव विनीत. सकाळी रापण, दिवसा पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवायच्या बोटीवर. पुस्तकी मराठी तो तिथेच शिकला होता. मी त्याला विचारलं होतं, "सकाळी मासे धरतंस आणि दुपारी तेंकाच लोकांका दाखवतंस, लाज नाय वाटणा?" तर म्हणतो कसा, "दुपारी मी तेंची माफी मागतंय."

हळूहळू माझं धावणं आणि त्याची रापण यांची गाठ पडायचीच, असं होऊन बसलं. मी ते मुद्दाम जुळवत नव्हते, असं मी मावशीला सांगत होते.

"काल खंय होतंस?" तो दोर ओढता ओढता, माझ्याकडे न बघता विचारायचा.

"फोंडाघाटाक. गाडी गेल्ली."

"न सांगता? जो वाटेकरी न सांगता भायर जाता तेना येताना खाजा हाडूक होया."

"ह्यो पण नियम आसा?"

"आसा तर! दाजींका इचार."

मी दाजींकडे बघायची आणि दाजी क्षितिजाकडे. मग मी खाजा आणायची. गुळात घोळलेला, आल्याचा ठसका असलेला. सगळी रापण खायची आणि विनीत शेवटचा तुकडा माझ्यासाठी ठेवायचा. तोही नियम होता म्हणे. मला हळूहळू त्या नियमांची सवय लागली. खरं सांगायचं तर मी धावायला निघताना केस दोनदा बांधायला लागले. धावणाऱ्या बाईला केस दोनदा बांधायची काय गरज?

दिवाळी झाली आणि आईने ठाण्याचं स्थळ काढलं. मुलाचं नाव कौस्तुभ. चांगली नोकरी, चांगलं बोलणं. नावं ठेवायला काही जागाच नव्हती. व्हिडिओवर बोलणं झालं. आवडीनिवडी निघाल्या. मी धावते म्हटलं.

"अरे वा, छान!" तो म्हणाला. "पण लग्नानंतर सकाळी वेळ कुठे मिळतो, नाही का? आमच्याकडे चार डबे असतात सकाळी."

तो हे अगदी प्रेमाने म्हणाला. तेच वाईट होतं. रागाने म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे तोडलं असतं. मी आईला म्हटलं, मला विचार करायला वेळ दे. आई म्हणाली, घे, पण जास्त नको.

आणि त्याच आठवड्यात मला ताप आला.

चिकनगुनिया. ताप काही दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. सकाळी उठून पाय जमिनीला टेकवायचा म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. बाटलीचं झाकण मावशी उघडून द्यायची. माझे बूट दाराआड भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

पहिल्याच आठवड्यात दारात आवाज आला. "मावशी, आसास?"

विनीत होता. हातात माडाच्या पातीत ओवलेले मासे.

"ह्या कित्याक?" मी आतून, उशीला टेकून विचारलं.

"वाटो." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. नजर माझ्या सुजलेल्या बोटांवर गेली आणि तिथेच थांबली. "नियम आसा... वाटेकरी आजारी पडलो तर वाटो घरपोच."

तो रोज यायचा. रापण लागली नाही त्या दिवशीही यायचा. मग मासे कुठून आणायचा, मी विचारलं नाही. मावशी पेज द्यायची, सोबत तिखट न घातलेलं कालवण. तो उंबऱ्यावर बसून किनाऱ्यावरच्या बातम्या द्यायचा. कोणाची होडी रुतली, कोणत्या पर्यटकाचा चष्मा लाटेने नेला. मी हसायची. हसलं की बरगड्या दुखायच्या, तरी हसायची.

आई कसालहून आली, कपाळावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "आता तरी देवान तुका सांगल्यान मां? पुरे झाला ता धावणा."

मी एरवी भांडले असते. या वेळी भांडता आलं नाही... कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं सण आले, लग्नं आली, फिरती आली, मी कोणाला जुमानलं नाही. आता माझेच गुडघे त्यांच्या बाजूला जाऊन बसले होते. यांच्यापुढे कोणाची बाजू मांडणार?

डॉक्टर म्हणाले, आधी चाला. मग विनीतच्या आणखी एका नियमाप्रमाणे मी चालायला लागले. या माडापासून त्या माडापर्यंत. तो माझ्या बाजूला, हात मागे बांधून, मी अडखळले तर धरता येईल इतक्या अंतरावर... पण धरायचा नाही. थंडीचे दिवस सुरू झाले. माड वाढत गेले. एका सकाळी मला वाटलं, आज जमेल. मी त्याला काही न सांगता धावायला सुरुवात केली.

चार पावलं झाली असतील. गुडघ्यातून अशी कळ गेली की मी वाळूत बसलेच. आणि मग मला रडूच कोसळलं. पायापेक्षा जास्त दुसरंच काहीतरी दुखत होतं.

आभाळ भरून आलं होतं. त्या दिवसांत येऊ नये असा पाऊस आला, मोठे मोठे थेंब. विनीतने जाळ्यावरची निळी ताडपत्री ओढून आणली आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर धरली. ताडपत्रीला माशांचा वास होता, त्याच्या शर्टाला खाऱ्या पाण्याचा. थेंब वर ताडताड वाजत होते. तो इतका जवळ होता की त्याचा श्वास ऐकू येत होता.

"विनीत... माका परत धावूक येवकच नाय, तर?"

त्याने ताडपत्री माझ्या बाजूला आणखी ओढली. मग म्हणाला, "मगे मी सकाळी कोणाची वाट बघू?"

मी रडायची थांबले. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे... आमी. सगळीच रापण. दाजीसुद्धा बघतत," तो घाईघाईने म्हणाला.

मला वाटलं, आता बोलेल. मी वाट बघत होते. ताडपत्रीच्या कडेवरून पाणी गळत होतं. तो बोलला, पण भलतंच.

"ठाण्याचा स्थळ इला म्हणे तुका. मावशी म्हणा होती." मग दुसरीकडे बघत, "थंय धावूक रस्ते बरे आसतीत."

असा राग आला मला! "हां, आसतीत," मी म्हटलं. "गुळगुळीत आसतीत." आणि पावसातच, लंगडत, घरी गेले. त्याने हाक मारली नाही.

त्यानंतर तो आला नाही. मासे मात्र आले, दाजींच्या हातून. एक दिवस, दोन दिवस. आई फोनवर म्हणाली, "ठाण्याक येत्या रविवारी काय ता कळवूचा आसा. व्हय म्हणू मां?" मी म्हटलं, "बघूया." माझ्या तोंडून "नाही" निघत नव्हतं. कोणासाठी नाही म्हणायचं? जो बोलत नाही त्याच्यासाठी? की ज्या पायांनी धावता येत नाही त्यांच्यासाठी?

शनिवारी दाजी आले, मासे मावशीकडे दिले आणि ओट्यावर बसले. मी पाणी दिलं.

"दाजी, आता वाटो नको धाडू. मी दोराक हात लावन म्हयनो होवन गेलो. नियम आसलो तरी पुरे."

"खंयचो नियम?"

"आजारी वाटेकऱ्याक वाटो घरपोच."

दाजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बाय, जन्मभर दोर ओढतंय मी. तापान फणफणलंय, पाय मोडान घेतलंय. माझ्या घराक कधी कोणी शेंगटी मासळीसुद्धा पोचवल्यान नाय."

"आणि... धावत येणाऱ्यान दोर ओढूचो, तो?"

"धावत येणाऱ्याक आमी शिवी घालतव आणि भायर काढतव."

"खाजा?"

"खाजा बरा होता," दाजी म्हणाले, "म्हणान मी गप रवलंय."

मी ओट्यावर बसले. एकेक नियम आठवत होते आणि हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एवढे नियम रचणाऱ्या माणसाला एक सरळ वाक्य बोलता येऊ नये?

दाजी उठले. "उद्या सकाळी नव्या जाळ्याचो नारळ आसा. मी गाऱ्हाणा घालतलंय. तुझा काय आसात तर सांग, त्यात घालतंय."

"माका परत धावूक येवदे. एवढाच."

"एवढाच?"

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "एवढाच."

"बरा," दाजी म्हणाले. त्यांनी मिशी पुसली आणि गेले.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला सगळ्यांदेखत सांगितलेली अडचण. एकजण मोठ्याने सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आम्ही हे आईच्या कडेवर असल्यापासून म्हणतो. डोळे मिटलेले असतात, हात जोडलेले असतात, आणि वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

रविवारी सकाळी मी मावशीचा हात धरून किनाऱ्यावर गेले. सगळी रापण जमली होती. नवं जाळं वाळूवर रचून ठेवलं होतं, त्याच्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. विनीत पलीकडच्या बाजूला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण त्याचं संपल्यावर. दाजींनी नारळ हातात घेतला आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! दर्याच्या धन्या, गावच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या नवा जाळा तुझ्या पायाकडे ठेवलला आसा. तेका बरकत दी. उण्याचा पुरा कर, फाटला तर सांदूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या किनाऱ्यार एक चेडू धावी होता, ता दुखण्यान बसला. तेच्या पायात बळ दी. घरात सण येवदे, पावणो येवदे, गाव सुटांदे, पण तेचा धावणा सुटांदे नको."

ते चेडू, ती पोर, म्हणजे मी. इतक्या वर्षांत माझ्या धावण्यासाठी कोणी भांडलं नव्हतं. आज ही सगळी माणसं, खारवलेल्या हातांची, ते देवाकडे मागत होती. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

दाजी थांबले नाहीत.

"आणि म्हाराजा, ह्यो आमचो विनीत. मासे घेवन तिच्या दारात जाता, नसलले नियम सांगता, पण मनातला सांगूक तेची जीभ उचलणा नाय. तेचो जीव तिच्यार जडलो आसा, आणि तिच्या मनातसुद्धा तोच आसा..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, अर्धा श्वास उशिरा, एक आवाज एकटाच आला. चांगला खणखणीत. माझा.

मी डोळे उघडले. किनाऱ्यावरची सगळी माणसं डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मावशीने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"चेडवान सोता व्हय म्हटला, म्हाराजा," दाजी म्हणाले. "आता फुडला तू बघ." आणि त्यांनी नारळ फोडला.

एकच हशा उसळला. होडी पाण्यात लोटायला सगळे धावले, उगाचच मोठमोठ्याने ओरडत. मी आणि विनीत, फुलं पडलेल्या वाळूवर, तसेच उभे राहिलो. तो हळूहळू जवळ आला.

"दाजींका मी काय एक सांगूक नाय," तो म्हणाला. "शपथ. तेंनी आपल्या मनान..." त्याने वाळूतलं एक फूल उचललं. मग पुन्हा, "तू सवयीन म्हणालंस मां? माका ठावक आसा. गाऱ्हाण्यात तोंडातसून येताच. तू... मनाक लावन घेव नको. मी पण घेणा नाय."

मला पळून जायला त्याने दार उघडून दिलं होतं. आणि स्वतः त्या दारात इतका केविलवाणा उभा होता की मला त्याची दया आली.

"व्हय. सवयीन म्हणालंय," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. त्याने मान हलवली आणि वळायला लागला.

"पण विनीत... माका एकदा सवय लागली काय ती सुटणा नाय."

तो थांबला. त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसला नाही, खाली वाळूतच बसला. मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखा. मीही बसले, गुडघे सांभाळत.

"मी तुका त्या दिवशी सांगणार होतंय," तो म्हणाला. "ताडपत्रीखाली. मगे वाटला, ठाण्याक घर आसतला, लिफ्ट आसतली... हंय काय आसा? मासे."

"माका मासे आवडतत."

"आणि मी?"

"बांगड्यांच्या खालोखाल."

आता तो हसला. पण मला अजून एक विचारायचं होतं, आणि त्याच्या उत्तरावर सगळं होतं. चार डबे आठवत होते.

"आयक. मी बरी झालंय काय परत धावतलंय. घरात गणपती आसांदे, पावणे आसांदे, लोकांनी कायव म्हणांदे. कधी पाय दुखले तर चलतलंय, पण सकाळी भायर पडतलंय. चलात तुमच्या घरात?"

विनीत माझ्याकडे असा बघत राहिला, जणू प्रश्नच त्याच्या डोक्यात शिरत नव्हता.

"गो, आमच्या घरात सकाळी कोण आसता? सगळीच हंय, दर्यार. आवस टोपली घेवन, बापूस होडयेत. तू घरात रवलंस तर लोक इचारतीत, सून आजारी आसा काय म्हणान!"

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हसत सुटले. किती दिवस मी उत्तरं पाठ करत होते, वाद तयार ठेवत होते. आणि त्या घरात कोणी तो प्रश्नसुद्धा विचारणार नव्हतं. छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"काय गो, ठाण्याक काय कळवू?"

"नको म्हणान कळव."

मग, "दुसरो कोण आसा काय?"

"आसा. हंयच आसा. तुझ्याशी बोलूचा म्हणता."

विनीतने दोन्ही हात हलवले, नको नको म्हणून. मी फोन त्याच्या हातात दिला आणि उठले. पाय वाळूत टेकवून पाहिला. दुखत होता, पण त्या दिवशीसारखा नाही.

"संचिता! गो! मी काय सांगू तेंका?" तो फोनवर हात ठेवून कुजबुजला.

"खरा ता सांग."

"आणि तू खंय चललंस?"

पाण्याच्या कडेची घट्ट वाळू धरली आणि पहिलं पाऊल जरा उचलून टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला चालणं मागे राहिलं. वेग म्हणाल तर बाजूने टोपली घेऊन जाणारी बाई माझ्या पुढे निघून गेली असती, पण हे धावणंच होतं. वारा तोंडावर लागत होता. मागून विनीतचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग थोडा मोठा. "व्हय काकी... माका आवडता ती... पयल्या दिवसापासना..." गुडघे कुरकुरत होते. मी त्यांना कुरकुरू दिलं आणि पुढच्या माडाकडे निघाले.